पंधरा अंशांचं ऊन

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनला भर दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. न्यूकॅसलला तर १२ अंशही भरत नाहीत. त्याच दिवशी मुंबईच्या माध्यान्ही तो ४७ अंशांच्या वर असतो. आकडे कोरडे आहेत, पण इंग्लंडमध्ये हौसेने फोटो काढणाऱ्याचं निम्मं गणित त्यांच्यातच आहे. १५ अंशांवरच्या सूर्यात कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या पावणेचारपट पडते. अडीच मीटर उंचीच्या टेलिफोन बूथची सावली नऊ मीटरच्या पुढे जाते. दहा मीटर उंच घरांच्या ओळीची सावली ३७ मीटर होते, आणि समोरचा रस्ता असतो बारा-पंधरा मीटरचा. त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या गल्लीत महिनाभर फूटपाथला ऊन शिवत नाही. समोरच्या घरांचा वरचा मजला आणि धुरांडी तेवढी उजळतात. अशा गल्लीत दुपारी फोटो काढला की एक तर वरच्या विटा पांढऱ्याफटक होतात, नाही तर खालचे दरवाजे काळे पडतात. त्या दिवशी उत्तर-दक्षिण जाणारी गल्ली निवडावी. बाराच्या आगेमागे तासभर तिथे ऊन थेट रस्त्यावर उतरतं.

आपल्याकडच्या फोटोग्राफरला सवय असते ती सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर काम करायची. मधलं ऊन फुकट. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर ते जानेवारी हे पाठांतर विसरावं लागतं. दिवसभर ऊन तिरपंच असतं, फक्त दिवस आठ तासांचा असतो आणि त्यातले बरेचसे ढगात जातात. जूनमध्ये नेमकं उलटं. लंडनला पाचच्या आधी उजाडतं, सव्वानऊनंतर सूर्य मावळतो, दुपारी तो ६२ अंशांपर्यंत चढतो. घड्याळं तासभर पुढे केलेली असल्यामुळे ही माध्यान्ह एकच्या सुमारास येते, बाराला नाही. उन्हाळ्यात दहा ते चार या वेळात प्रसिद्ध इमारतींचे फोटो काढण्यात अर्थ नाही. त्या वेळी कॅथेड्रलच्या आत जावं.

कॅथेड्रलवरून आठवलं. जुन्या इंग्लिश चर्चचं तोंड ओळखायला नकाशा लागत नाही. वेदी पूर्वेला आणि मोठा दरवाजा पश्चिमेला, असा तो मध्ययुगीन रिवाज. सगळ्यात नक्षीदार भिंत पश्चिमेची, म्हणजे तिच्यावर ऊन येतं दुपारनंतर. वेल्स या गावातल्या कॅथेड्रलच्या पश्चिम भिंतीवर शेकडो मूर्ती आहेत. सकाळी दहा वाजता गेलात तर सगळी भिंत स्वतःच्याच सावलीत करडी दिसते आणि पाठीमागचं आकाश चमकत असतं. संध्याकाळचं ऊन बाजूने घासून गेलं की प्रत्येक मूर्ती कोनाड्यातून पुढे येते. डरहॅमचंही तसंच. वेअर नदीच्या पश्चिम काठावरून, जुन्या पाणचक्कीच्या समोरून दिसणारे ते दोन मनोरे दुपार कलल्यावरच उजळतात. दक्षिणेची भिंत हिवाळ्यात दिवसभर उन्हात, उत्तरेची भिंत वर्षातला बराच काळ सावलीत. हा नियम मोडणारी दोन मोठी नावं लक्षात ठेवावीत: लिव्हरपूलचं अँग्लिकन कॅथेड्रल उत्तर-दक्षिण पसरलेलं आहे, आणि १९६२मध्ये पूर्ण झालेल्या कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलची वेदी उत्तरेला आहे.

लंडनमध्ये हाच हिशेब नदीवरून करायचा. वेस्टमिन्स्टरपाशी टेम्स दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि पार्लमेंट तिच्या पश्चिम काठावर आहे. सेंट थॉमस हॉस्पिटलच्या बाजूने पाहिलं तर सकाळी इमारतीवर समोरून ऊन, संध्याकाळी पार्लमेंट काळ्या आकृतीसारखं आणि मागे सूर्यास्त. टॉवर ब्रिजवर मात्र नदी पूर्वेकडे वाहते आणि पूल उत्तर-दक्षिण आहे. त्यामुळे बटलर्स व्हार्फच्या बाजूने सकाळी जावं, पॉटर्स फील्ड्सकडून दुपारी. त्या पुलाचे पाखे वर्षातून आठशेच्या आसपास वेळा उघडतात आणि वेळापत्रक आधी जाहीर होतं. ते न बघता नुसतं जाऊन उभं राहणं ही निव्वळ आळसाची गोष्ट. पाणी भरतीचं की ओहोटीचं, हेही बघावं. मध्य लंडनमध्ये पातळी सात मीटरपर्यंत वरखाली होते. ओहोटीला चिखल, दगड आणि जुने धक्के उघडे पडतात, भरतीला प्रतिबिंब मिळतं. दोन्ही वेगवेगळे फोटो आहेत.

उंच इमारत फोटोत मागे पडल्यासारखी दिसते, कारण कॅमेरा वर झुकवलेला असतो. कॅमेरा समतल ठेवला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. किती लांब जायचं, याचं गणित सोपं आहे: फोनची मुख्य लेन्स किंवा २४ मिमी लेन्स, चौकट उभी, कॅमेरा अगदी समतल, तर इमारतीच्या उंचीपेक्षा एक-तृतीयांश जास्त अंतरावर उभं राहा. बिग बेनचा मनोरा, म्हणजे एलिझाबेथ टॉवर, ९६ मीटर उंच आहे. त्याला निदान १३० मीटर अंतर हवं. सॅलिसबरी कॅथेड्रलचा कळस १२३ मीटर, त्याला १६५. अर्थात खालची निम्मी चौकट रस्त्याने किंवा गवताने भरते. ती कापून टाका, किंवा तिथे पाण्याचं डबकं येईल अशी जागा शोधा. इंग्लंडमध्ये डबकं शोधायला फार हिंडावं लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करता येतात, पण कडेचा भाग कापला जातो, म्हणून काढतानाच दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी. फोनच्या अर्ध्या पटीच्या रुंद लेन्सने चर्च पूर्ण मावतं खरं, पण कडेला उभी असलेली माणसं ताणली जातात आणि मनोरा सुईसारखा बारीक होतो.

आता रस्त्यावरच्या लाल वस्तू. माझ्या मते हौशी फोटोग्राफरने बिग बेनच्या आधी पोस्टाच्या पेटीवर हात बसवावा. ती गर्दी करत नाही, प्रत्येक गावात आहे, आणि कॅमेऱ्याच्या चुका ती लगेच दाखवते.

मुख्य चूक लाल रंगाचीच. कॅमेरा प्रकाश मोजतो तो लाल, हिरवा, निळा यांची सरासरी धरून. पेटीवर ऊन पडलं की लाल चॅनल आधी भरून वाहतो, बाकीचे दोन रिकामे राहतात आणि सरासरी ठीक दिसते. साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, म्हणतो सगळं छान, आणि घरी येऊन बघावं तर पेटी प्लास्टिकच्या खेळण्यासारखी सपाट, तिच्यावरची उठावाची अक्षरं गायब. उपाय असा: हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा दाखवणारा लावा, एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा, थेट उन्हात पूर्ण एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). ‘व्हिव्हिड’ हा रंग भडक करणारा प्रकार बंद ठेवा. तो लालाला नारिंगीकडे ढकलतो. शक्य असेल तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल, घ्या. फोनवर पेटीवर बोट टेकवून, सूर्याची खूण खाली ओढली तरी बरंच काम होतं. लाल बसचाही हाच इलाज.

दुसरी गोष्ट त्या उठावाच्या अक्षरांची. पेटी कुठल्या राजाच्या किंवा राणीच्या काळातली आहे, हे तिच्या दारावरच्या राजचिन्हावरून कळतं. व्हिक्टोरियाच्या पेट्या अजून वापरात आहेत. १८७९नंतरची काही वर्षं चिन्हाशिवायच्या पेट्याही ओतल्या गेल्या. आठव्या एडवर्डने १९३६मध्ये वर्षही न भरता गादी सोडली, त्यामुळे त्याच्या चिन्हाच्या पेट्या फार थोड्या. सापडली तर दोनचार फोटो जास्त काढावेत. तिसऱ्या चार्ल्सच्या चिन्हाची पहिली पेटी जुलै २०२४मध्ये केंब्रिजशायरमधल्या ग्रेट कॅम्बोर्नला बसली. हे चिन्ह त्याच लाल रंगात रंगवलेलं असतं, फक्त बिडाच्या ओतकामात उचललेलं. समोरून प्रकाश आला की ते दिसत नाही. ढगाळ दिवशीही बुडतं. ऊन पेटीला जवळजवळ समांतर येईल अशी वेळ गाठावी. नाहीच जमलं तर फोनचा टॉर्च एका बाजूला, पेटीच्या पृष्ठभागाला चिकटवल्यासारखा धरून दुसऱ्या हाताने फोटो घ्यावा. प्रत्येक अक्षराला सावली फुटते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर नको. छातीच्या थोडा खाली, साधारण एक मीटरवर धरला की पेटी वरून दाबल्यासारखी दिसत नाही. षटकोनी पेटी दिसली तर ती पेनफोल्ड, १८६६ ते १८७९ मधली घडण. तिचा फोटो कोपऱ्यावरून घ्यावा, म्हणजे दोन बाजूंचा उजेड वेगळा पडतो. मात्र नंतर बनवलेल्या प्रतिकृतीही आहेत, तेव्हा पेनफोल्ड दिसली म्हणून दीडशे वर्षं जुनी असा मथळा लगेच देऊ नये.

टेलिफोन बूथमध्ये दोन जाती ठळक. गाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाने १९२४च्या स्पर्धेत जिंकलेली केटू, जी १९२६पासून प्रामुख्याने लंडनमध्ये लागली, आणि त्यानेच पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने १९३५मध्ये केलेली लहान केसिक्स, जी देशभर पसरली. दुरून ओळखायची खूण काचांची. केटूमध्ये सगळ्या काचा सारख्या, केसिक्समध्ये मधली काच रुंद आणि कडेच्या अरुंद. केटूच्या कपाळावरचा मुकुट भोकांचा आहे, हवा खेळण्यासाठी. तिचा लाकडी नमुना लंडनच्या पिकॅडिलीत रॉयल ॲकॅडमीच्या प्रवेशकमानीखाली अजून उभा आहे, आणि बहुतेक लोक त्याच्या बाजूने सरळ आत निघून जातात. कॉव्हेंट गार्डनजवळ ब्रॉड कोर्टमध्ये पाच केटू ओळीने आहेत. तिथे ७० ते १०० मिमी लेन्सने लांबून घेतलं की त्या एकमेकींना चिकटून येतात. रुंद लेन्सने पहिली राक्षसी आणि पाचवी काडेपेटीएवढी होते. काचांमध्ये फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब येतं, ते टाळायला थोडं तिरपं उभं राहावं.

हल शहरात गेलात तर तिथले बूथ मलईच्या रंगाचे आणि मुकुटाशिवायचे. तिथलं टेलिफोनचं जाळं पोस्ट खात्याकडे नव्हतं, नगरपालिकेचं होतं, म्हणून. त्यांना एक्स्पोजर उलट लागतं: फिकट रंगाला कॅमेरा करडा करून ठेवतो, एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप वाढवावं.

बूथचा उत्तम फोटो सूर्यास्तानंतर मिळतो, कारण वरच्या दुधी काचेमागे दिवा असतो. दिवा आणि आकाश यांचा उजेड सारखा होतो तो साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी. इथे इंग्लंडचं अक्षांश मदतीला येतं. मुंबईत सूर्य बुडाल्यावर कामापुरता संधिप्रकाश पंचवीस मिनिटांत आटोपतो; लंडनला डिसेंबरात चाळीस मिनिटं आणि जूनमध्ये त्याहूनही जास्त मिळतात. डिसेंबरच्या मध्यावर सूर्यास्त चारच्या आधीच होतो, म्हणजे तो निळा तास (सूर्यास्तानंतरचा निळसर उजेड) गाठून माणूस चहाला घरी येऊ शकतो. सुरुवात करायला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं, म्हणजे ॲपर्चरचं माप), शटर दोन सेकंद, आणि दर पाच मिनिटांनी वेळ वाढवत जायचं. बिग बेनच्या तबकडीला मात्र उशीर खपत नाही. आकाश काळं झालं की मनोऱ्यासाठी दिलेल्या वेळेत तबकडी जळून पांढरी होते आणि काटे दिसेनासे होतात. २०२२मध्ये संपलेल्या दुरुस्तीत काटे आणि आकडे पुन्हा प्रशियन निळ्या रंगात आले; ती निळाई उरायला हवी असेल तर आकाशात उजेड असेपर्यंतच काम उरकावं. फोन आपणहून रात्रीचा दिवस करतो, म्हणून तिथेही उजेड हाताने खाली ओढावा.

ट्रायपॉड असूनही फोटो हलतात, तेव्हा दोष पुलाचा असू शकतो. वेस्टमिन्स्टर ब्रिजवर डबल डेकर गेली की कठडा थरथरतो. सिग्नल लाल होऊन रस्ता रिकामा झाला की शटर दाबावं. सेंट पॉलकडे जाणारा मिलेनियम ब्रिज जून २००० मध्ये उघडला आणि पावलांनी डोलतो म्हणून दोन दिवसांत बंद झाला. हेलकावे शोषणारे डँपर लावून तो २००२मध्ये पुन्हा उघडला, पण लांब एक्स्पोजरला लोकांच्या पावलांचा थरकाप अजूनही पुरेसा असतो. पुलावरून घेण्यापेक्षा पुलाच्या तोंडाशी, पक्क्या जमिनीवर पाय रोवावेत. चालत्या बसवर पाटीचे अर्धेच दिवे उमटले तर शटर फार वेगवान होतं. एलईडी पाट्या सलग जळत नाहीत. एक-पन्नासांश सेकंदावर या, किंवा एक-तिसांशावर बसबरोबर कॅमेरा फिरवा. मागचा रस्ता ओघळतो आणि अक्षरं बरीचशी पूर्ण येतात.

ढग हा इथला नेहमीचा पाहुणा. दाट ढगाळ दुपारी आयएसओ ४००, एफ ८, एक-अडीचशेअंश सेकंद, इतपत उजेड मिळतो. डिसेंबरात तीननंतर त्याचाही चौथा हिस्सा. पांढरं आकाश चौकटीबाहेर ठेवावं आणि विटा, दारं, पबच्या पाट्या, ओला दगड यांच्याकडे वळावं. पोलरायझर हा फिल्टर लावून ओल्या पानांवरची आणि फरशीवरची चकाकी काढली की खालचा रंग वर येतो. त्यासाठी दीड-दोन स्टॉप उजेड द्यावा लागतो. लेन्सवर थेंब पडला आणि ॲपर्चर बारीक असलं, लेन्स रुंद असली, तर फोटोत पांढुरका डाग येतो. हूड, म्हणजे लेन्सपुढचं टोपरं, कायम लावलेलं असावं आणि कोरडं मायक्रोफायबरचं कापड आतल्या खिशात. बाहेरच्या खिशातलं कापड स्वतःच ओलं होतं. गार हवेतून ऊबदार पबमध्ये शिरताना कॅमेरा पिशवीत बंद करून अर्धा तास तसाच राहू द्यावा. लगेच बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते, आणि पुसली तरी परत धरते.

मराठी माणूस लंडनमध्ये हमखास शोधतो त्या, नामवंत राहिलेल्या घरांवरच्या निळ्या गोल पाट्यांचा एक वेगळाच त्रास आहे. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२मध्ये राहिले. ते घर २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं. हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर सावरकरांची पाटी आहे, आणि दक्षिणेला पेंजमध्ये ७२, ॲनर्ली पार्क इथे दादाभाई नौरोजींची, २०२२मध्ये बसवलेली. या पाट्या लावणाऱ्या इंग्लिश हेरिटेज संस्थेची नेहमीची पाटी सुमारे अर्धा मीटर व्यासाची, चिनी मातीची, झिलई दिलेली आणि मध्यभागी किंचित फुगीर. ती फुगलेली असल्यामुळे वरच्या आकाशाचा पांढरा चट्टा हमखास तिच्यात उमटतो, आणि पांढरी अक्षरं नेमकी त्यात विरतात. खाली, अगदी पाटीखाली उभं राहून वर बघत काढलेला फोटो म्हणूनच फसतो: वर्तुळाचं अंडं होतं, वर चट्टा. रस्त्याच्या पलीकडे जावं, १०० ते २०० मिमी लेन्स किंवा फोनची तीन-पाच पटीची लेन्स लावावी, आणि दोन पावलं डावीउजवीकडे सरकत चट्टा अक्षरांवरून हटतो का ते बघावं. पोलरायझर इथेही उपयोगी पडतो. एक फोटो पाटीचा, एक दार-खिडक्यांसकट अख्ख्या घराचा, हे दोन्ही हवेत. नुसत्या पाटीवरून घर कळत नाही. काही घरांत आजही लोक राहतात, तेव्हा खिडकीवर लेन्स रोखून थांबू नये.

कायद्याची भीती उगाच बाळगली जाते. सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढायला इंग्लंडमध्ये परवाना लागत नाही. १९८८च्या कॉपीराइट कायद्याच्या ६२व्या कलमानुसार इमारतींचे, आणि सार्वजनिक जागी कायमच्या असलेल्या शिल्पांचे फोटो बिनदिक्कत काढता आणि छापता येतात. गेट्सहेडचा ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ त्यात बसतो, पण भिंतीवरचं चित्र बसत नाही. म्युरलचा फोटो विकायचा तर चित्रकाराचा हक्क आडवा येतो. रेल्वे स्टेशनांवर हौशी फोटोला मनाई नाही; प्लॅटफॉर्मवर फ्लॅश मात्र चालत नाही, आणि ट्रायपॉड पिवळ्या रेषेच्या मागे ठेवावा लागतो. ट्रफल्गार आणि पार्लमेंट स्क्वेअरमध्ये धंद्यासाठीच्या फोटोला परवानगी लागते. टेम्सकाठच्या काही मोकळ्या वाटणाऱ्या जागा खाजगी मालकीच्या आहेत. तिथल्या रखवालदाराने ट्रायपॉड उचलायला सांगितलं तर तो उचलावा. फोटो पुसून टाका म्हणण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.

राहिला प्रश्न चौकटीत काय ठेवायचं याचा. बहुतेक जण कचऱ्याचे डबे, गाड्या आणि दुकानांचे फलक वगळायला धडपडतात. हे मला पटत नाही. २००५पासून चालू असलेल्या जिओग्राफ या प्रकल्पात हौशी लोकांनी ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या एकेका चौरस किलोमीटरचे फोटो गोळा केले आहेत. त्यातला वीस वर्षांपूर्वीचा कुठल्याही बाजारपेठेचा फोटो उघडा. नजर चर्चवर थांबत नाही, बंद झालेल्या बँकेवर आणि व्हिडिओच्या दुकानावर थांबते. चर्च आहे तिथेच आहे. तेव्हा एक फोटो सुबक काढा आणि दुसरा डब्यांसकट.

नोंद त्याच दिवशी करावी. फोनचा जीपीएस कॅमेऱ्याची जागा लिहितो, वस्तूची नाही, आणि उंच इमारतींच्या गल्लीत तोही वीस-तीस मीटर चुकतो. म्हणून रस्त्याचं नाव, जवळचा घरक्रमांक, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते, आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या राष्ट्रीय नकाशासंस्थेच्या नकाशावरचा सहा अंकी संदर्भ, जो शंभर मीटरपर्यंत जागा पक्की करतो. पेटीच्या फोटोखाली राजचिन्ह आणि पेटीच्या पत्र्यावरचा क्रमांकही लिहावा. तो क्रमांक फोटोत वाचता येत नसेल, तर जवळून आणखी एक फोटो काढूनच पुढे निघावं.